चटईखाली बाप बसला

माझा भाऊ आमच्या घराण्याचा प्रमुख, आणि त्याचा पोरगा पासिलिओ म्हणजे बापाच्या गळ्यातला धोंडा. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, आत्या आहे त्याची. पिऊन गाडी हाकली आणि गावातल्या कलाला नावाच्या बाईच्या पोराला, उईलीला उडवलं. एकुलता एक होता तिचा, त्यात गेला.

आमच्या सामोआत अशा वेळी घराण्याचा प्रमुख माफी मागायला जातो. भाऊ पहाटेच कलालाच्या अंगणात गुडघे टेकून, डोक्यावरून बारीक विणीची चटई घेऊन बसला. दुपारी तिने येऊन ती उचलली. चटई उचलली म्हणजे माफ केलं; झालं, प्रकरण मिटलं असं गावाने धरलं. पासिलिओ तेव्हा घरात तोंडावर चादर ओढून पडला होता. पुढे कोर्टाने दिलेली शिक्षाही भोगून आला.

पण रविवारी चर्चमध्ये पोरगा ख्रिस्तप्रसाद घ्यायला काही उठेना. वहिनी बोलून बोलून थकली. शेवटी ईस्टरच्या आधी मीच त्याला पापकबुलीला हाकललं.

फादर मरतील, पण आतलं बाहेर काढणार नाहीत. आमचं ध्यान मात्र घरी येऊन माझ्यापाशी बोललं. त्याने आत सांगितलं की आमच्या घराण्याने माफी मागितली आहे. फादर म्हणाले, ती बापाने मागितली, तू काय केलंस? मग हा रडला आणि होतं नव्हतं ते सांगितलं. फादरनी पापक्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून कलालाकडे जायला सांगितलं.

"चटई नेऊ का, आत्या?"

"तोंड घेऊन जा," मी म्हटलं, आणि सोबत गेले.

कलाला अळूचे कंद सोलत होती. आमच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे मला बाहेर उभं राहूनही सगळं ऐकू आलं.

"मावशी," तो गुडघ्यावर बसून म्हणाला, "उईली ओरडला ते मी ऐकलं होतं. तरी थांबलो नाही."

हे कोर्टात आलं नव्हतं. माझ्या भावालाही माहीत नव्हतं.

कलालाने सुरी खाली ठेवली.

"तुझ्या बापाला मी उठवलं. म्हातारा माणूस, उन्हात बसला होता. तुला उठवायला मला वेळ लागेल."

जा, असं काही ती म्हणाली नाही. पासिलिओ गुडघ्यावरच राहिला. मीही त्याला ऊठ म्हटलं नाही.