लिडियाचा फोटो

ताराबाई अमेरिकेहून परतल्या तेव्हा गावाची अपेक्षा उंच इमारतींची होती. अपेक्षा वाजवी होती. जैनथजवळच्या आमच्या गावात अमेरिका सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेली आहे. ताराबाईंनी फक्त होकार द्यायचा होता.

त्यांची मुलगी दीक्षा तिकडे पेनसिल्व्हेनियात नर्स आहे. तिच्या बाळंतपणासाठी त्या सहा महिने राहून आल्या. आल्यावर उद्धवरावांच्या ओसरीवरून बोलावणं आलं. उद्धवरावांच्या शेतात त्यांनी तीस वर्षं कापूस वेचला होता. ओसरीवर खुर्ची मात्र पहिल्यांदाच मिळाली.

खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं, की दीक्षाच्या शेजारी आमिश नावाचे लोक राहतात. घरात वीज घेत नाहीत. घोडागाडीनं बाजाराला येतात. फोन आहे, पण घरात नाही; शेताच्या कडेला खोपटात, तीन घरांत मिळून एक. बायका डोक्याला पांढरी टोपी बांधतात, सोमवारी धुणं वाळत घालतात आणि एकत्र बसून गोधड्या शिवतात. त्यातल्या लिडियाबाईंशी त्यांची गट्टी जमली. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण टाका वाकडा गेला की दोघींचं तोंड सारखंच वाकडं होई.

लोक शांतपणे ऐकत होते. समोरचा आपल्याला फसवतोय अशी खात्री झाली की माणूस फार शांतपणे ऐकतो.

"तारा, पोरीनं तुले अमेरिका म्हणून कोण्या पाड्यावर तर नाई ना नेलं?" उद्धवरावांच्या पत्नी रेणुकाबाईंनी काळजीनं विचारलं.

शाळेतल्या नागसेन गुरुजींना धक्का वेगळाच बसला. ती माणसं पोरांना आठवीनंतर शाळेतून काढतात, हे त्यांना सहन होईना. आपल्याला आठवीपर्यंत पोचायला दोन पिढ्या लागल्या, आणि ते तिथंच थांबतात? ताराबाई म्हणाल्या, हे त्यांनाही पटलं नव्हतं. पण हातवाऱ्यांत आठवी कशी विचारायची ते सुचलं नाही.

शेवटी उद्धवरावांनी फोटो मागितला. आमच्याकडे रोजगार हमीवरचा मजूरसुद्धा दिवसातून दोनदा फोटो काढल्याशिवाय हजर धरत नाहीत. ताराबाई म्हणाल्या, ते लोक चेहऱ्याचा फोटो काढू देत नाहीत. त्यानं माणूस स्वतःला मोठा समजायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आठवड्याभरात गावाचं ठरलं: दीक्षा हैदराबादलाच असते.

गावानं अमेरिका काढून घेतली, याचं ताराबाईंना काही नव्हतं. "तीस वर्षं वेचल्या कापसाले पानी नाई मारलं मी, वजन वाढावं म्हनून," त्या मुलाला म्हणाल्या, "आन् आता म्हातारपनी लबाड?"

मुलगा हर्षदीप तहसील कचेरीत कारकून. दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध, पुरावा. त्यानं बहिणीला कळवलं आणि मिनिटभरात फोटो आला. तिनं तो खिडकीतून गुपचूप काढला होता: एकच गोधडी आई आणि लिडियाबाईंच्या मांडीवर, दोघींचे चेहरे स्वच्छ. हर्षदीपनं फोटो आईच्या मोबाइलवर टाकला आणि आईला विचारायच्या आधी गावाला सांगितलं.

संध्याकाळी ओसरी भरली.

"फोटो हाय म्हणते?" उद्धवराव म्हणाले.

"हाय."

"दाखव मंग."

"नाई दाखवत. लिडियानं नको म्हटलं होतं."

"ते का इथं पाहून राह्यली?"

"म्हनूनच," ताराबाई म्हणाल्या आणि घरी आल्या.

घरी त्यांनी मुलाला फोटो पुसायला सांगितलं. निदान आपल्यापुरता राहू दे, असं तो बराच वेळ म्हणत राहिला.

"ठेवला तर कोनी इचारलं की हाय म्हनावं लागन. मंग काऊन दाखवत नाई, ते सांगत फिरू का जलमभर?"

त्यानं पुसला. दीक्षाकडूनही पुसवून घेतला.

तेव्हापासून पिठाच्या गिरणीवर कोणी फोटोचं विचारलं, की ताराबाई "नाई" म्हणतात. ते अक्षरशः खरं असतं. गावानं तो कबुलीजबाब धरला आणि मोठ्या मनानं त्यांना माफ केलं.