सोळा मुक्काम

मोहनरावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि हे आता त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या एका माणसाला ठाऊक होतं ती त्यांची बायको सरुबाई गेल्या वर्षी वारली.

म्हणून दिवाळीत बारामतीहून मुलीचा निरोप आला तेव्हा ते हातातलं काम टाकून खालीच बसले. वृषालीनं बेत ठरवला होता. नाताळच्या सुट्टीत आबांची जीप घेऊन कोकणात उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं आठ दिवस हिंडायचं, आईनं पाहिलेलं सगळं पाहायचं. जावई संदेशकडं लायसन होतं, पण त्यानं घाटात कधी गाडी घातली नव्हती. घरात घाट उतरलेला माणूस एकच, आबा. तेव्हा रस्ता त्यांनी लिहून आणायचा आणि गाडीही त्यांनीच चालवायची.

चार वर्षांपूर्वी, जुनी जीप घेतली तेव्हा, ते सरुबाईला घेऊन आपल्या गावाहून, पळसदेवहून निघाले होते खरे. महाबळेश्वरापर्यंत गेलेही. पुढं पोलादपूरचा घाट लागला, एका वळणावर मोहनरावांच्या पुढ्यात दरी उघडली. जन्मभर सपाट रानात ट्रॅक्टर चालवलेला माणूस. ब्रेकवर पाय दाबला तो उचलवेना. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. सरुबाईनं खाली उतरून चाकांना धोंडे लावले. शेवटी एका ट्रकच्या ड्रायव्हरनं जीप वळवून दिली. "काका, तुमाला बैलगाडीच बरी," म्हणून हसला. दोघं कसेबसे वाईत उतरले, तिथं लॉजवर तीन दिवस काढले आणि परत फिरले. गावाजवळचं भिगवण आलं तसं मोहनराव म्हणाले, "समुद्र बघितला म्हणून सांग."

सरुबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. नवऱ्याची अब्रू राहावी म्हणून बोलली. उजनी धरणाचं पाणी डोळ्यांपुढं धरून, पलीकडचा काठ तेवढा पुसून टाकून, तिनं बायकांना समुद्र सांगितला, दोघं वाळूत बसून राहिलो तेही सांगितलं. बायका फिरून फिरून विचारायच्या, ती फिरून फिरून सांगायची, आणि मोहनराव उठून गोठ्यात जायचे.

आता रस्ता आणायचा कुठून? त्यांना कोकणचा एकच रस्ता ठाऊक होता, तोही ऐकून. त्यांचे वडील बिरदेव दसरा झाला की मेंढरं घेऊन दर वर्षी चालत कोकणात उतरायचे. कुठं थांबायचं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, पाणी कुठं आहे, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलेलं की मोहनरावांना पाठ होतं. त्यांनी ते एका वहीत उतरवलं आणि बारामती गाठली.

वृषाली वाचायला लागली आणि तिला हसू आवरेना.

"आबा, सोळा मुक्काम? आमी काय मेंढरं हाय व्हय?"

"पाण्याच्या सोयीनं लिवलंय."

"आन ह्ये काय? 'वढ्याच्या वरल्या अंगाला थांबावं, काटा कमी.' गाडीला काटा लागतो?"

"पंक्चर हुती की," मोहनराव म्हणाले.

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि मग तिचं हसू थांबलं.

"आबा, ह्यात समुद्र कुठं हाय?"

मोहनरावांनी वहीकडं पाहिलं. नव्हताच. खाऱ्या पाण्याच्या काठाला मेंढरांना चारा कुठला? बिरदेव तिकडं कधी फिरकलेच नव्हते. सोळावा मुक्काम डोंगराच्या पायथ्याला, भात कापलेल्या रानात संपत होता.

"तुमी आन आई जितं बसला हुता, त्या गावाचं नाव तरी सांगा."

हर्णै म्हणता आलं असतं. गुहागर म्हणता आलं असतं. नाव जिभेवर आलंही होतं.

"आमी गेलोच न्हाय, वृषे," ते म्हणाले, आणि खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. ब्रेकवरचा पाय, धोंडे, वाईचा लॉज, भिगवणला काय बोलले ते.

वृषालीनं उलटलेली पानं परत मागं आणली. मग म्हणाली, "दवाखान्यात मी आईला इचारलं हुतं, समुद्र कसा हाय गं. म्हणली, लई मोठा. तुज्या आबांनी दावला."

मोहनरावांना मान वर करता येईना. अंगावरचं धोतरसुद्धा उसनं आणल्यासारखं वाटायला लागलं.

"आज जावयांना सांगतो," ते म्हणाले. "उद्या गावात सांगतो. शेजारच्या साखरबाईला, समद्यांना. लई जड झालंय, पोरी."

"न्हाय सांगायचं."

"का गं?"

"तुमी हलकं व्हाल, आबा. आन आई खोटी पडंल. मरताना बी तिनं शब्द राखला तुमचा. आता तुमी तिचा राखा."

बाहेर मोटारसायकल थांबली. संदेश एमआयडीसीतली ड्यूटी संपवून आला होता. दारातूनच ओरडला, "काय मामा, झाला का रस्ता तयार?"

वृषालीनं वही मिटून स्वतःच्या मांडीखाली घेतली. "आवं, आबांची नजर आता घाटात नीट ठरत न्हाय. गाडी तुमीच चालवा. सावकाश जाऊ."

"मी?" संदेश जरा बिचकला, मग हसला. "बरं. चालवतो. पर मामा, तुमी पुढं बसायचं. मामी जितं बसल्या हुत्या ती जागा मला दावायची. तितं समद्यांचा फोटो काढू."

मोहनरावांनी मुलीकडं पाहिलं. ती उठून चहाचं आधण ठेवायला गेली होती. तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती काही वळेना.

"व्हय," मोहनराव म्हणाले. "दावतो."