वार्तापत्रातली नवसाबाई

"वाचा ना नवसाबाई, तुमच्याबद्दलच छापून आलंय," असं म्हणत ज्योत्स्नाने वार्तापत्र पुढे केलं आणि पडवीत माळा ओवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

दसरा तोंडावर आला होता. पडवीभर झेंडूचे ढीग पडले होते. साक्षरता केंद्र म्हणजे खरं तर हीच पडवी, मखमलाबाद रस्त्याच्या आत मळ्यातली, नवसाबाईच्या नवऱ्याची, भिमाजीची. भिंतीवर एक फळा टांगला की केंद्र सुरू. बायका ओवता ओवता शिकत. तपासणीला कोणी साहेब आला की फुलं गोणपाटाखाली जात आणि पाट्या वर येत. ज्योत्स्ना पंचवटीतून लुनावर यायची. सरकारी कागदांत ती प्रेरिका होती, मळ्यात ती ताई होती. केंद्रावरच्या शिक्षकांसाठी जिल्ह्यातून एक चार पानी वार्तापत्र निघायचं. त्यात सूचना, प्रशिक्षणाच्या तारखा, साहेबांचे फोटो आणि शेवटच्या पानावर एक यशोगाथा. या वेळची यशोगाथा ज्योत्स्नाची होती.

नवसाबाईने हात पदराला पुसले, कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि बोट ठेवलं.

"न-व-सा-बाई," ती म्हणाली. "आगं बया, माझंच नाव हाय."

"आता काय, नवसामावशी पेपरात गेली," ठमाबाई म्हणाली. "आमाला वळख देशील ना?"

बायका हसल्या. उंबऱ्याशी गुलछडीच्या जुड्या बांधत बसलेल्या भिमाजीने सुतळी खाली ठेवली. तो स्वतः अंगठाबहाद्दर, पण बायको वाचायला लागल्यापासून गावात त्याची चाल बदलली होती.

नवसाबाई वाचू लागली. "मखमलाबाद केंद्रातील नवसाबाई फुलांचा व्यवसाय करतात. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी हातात पाटी घेतली." एवढं वाचून बोट थांबलं. ज्योत्स्नाला वाटलं, जोडाक्षर अडलं असेल. "सावकाश," ती म्हणाली. नवसाबाईने मान वर करून तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग बोट पुन्हा चालू लागलं.

"नवसाबाई लय हुशार हाय. तिच्या हातची माळ पार नाशकात द्वारका चौकातल्या दुकानापातुर जाती. तिचा मालक भिमाजी, त्यानं तिला कदी आडवलं नाय. पडवी दिली, फळ्याला खिळा ठोकून दिला."

ज्योत्स्ना कौतुकाने हसत होती. हसता हसताच तिच्या लक्षात आलं की जगातल्या कुठल्याही सरकारी वार्तापत्रात 'लय' आणि 'हाय' छापत नाहीत. आपण हे लिहिलेलंच नाही. नवसाबाईचं बोट मात्र ओळीमागून ओळ नीट सरकत होतं. ओळ संपली की उचललं जायचं, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टेकायचं. बोट खरं वाचत होतं आणि तोंड दुसरंच बोलत होतं.

"आजून एकदा वाच," भिमाजी म्हणाला.

"डोळं दुखाया लागलं," नवसाबाई म्हणाली आणि सुई घेऊन पुन्हा झेंडू ओवायला लागली.

खरा मजकूर काय होता ते पडवीत दोघींनाच ठाऊक होतं. आदल्या उन्हाळ्यात ज्योत्स्नाने बायकांना घरातून काहीही छापलेलं आणायला सांगितलं होतं. पुस्तकापेक्षा चहाच्या पुड्यावर बायकांचा जीव जास्त, हे तिला अनुभवाने कळलं होतं. कोणी काडेपेटी आणली, कोणी बियाण्याची पिशवी, कुसाबाईने औषधाची बाटली आणली. बाटलीवरचं 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' सगळ्यांनी मिळून वाचलं. वर्ग सुटला तरी नवसाबाई उठली नाही.

"आमच्या कोनाड्यात आशाच दोन बाटल्या व्हत्या," ती म्हणाली होती. "एक पाजायची, एक छातीला चोळायची. मंगल दोन वर्साची. ताप लय चढलेला. आंधारात चमचाभर पाजलं. सकाळी बाटल्या पाह्यल्या तर मलाच कळंना, कोणची उघडलीय. दुपारी पोरगी गेली. तापानं गेली का माज्या हातानं, मला आजून ठाव नाय, ताई. ह्यांना बी नाय सांगितलं. तुमालाच सांगितलं."

ज्योत्स्ना तेव्हा तिच्याबरोबर रडली होती. ते रडणं खोटं नव्हतं. पण पुढे पावसाळ्यात उजळणी प्रशिक्षण झालं, आणि तिथे प्रशिक्षण देणाऱ्या यादव सरांनी सगळ्या शिक्षकांना बजावलं, "यशोगाथा लिहा. नावागावासकट लिहा. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे, त्याशिवाय आपलं काम वर पोचत नाही." ज्योत्स्नाने त्याच संध्याकाळी एका बैठकीत लिहून काढलं. 'अक्षरओळख नसल्याने या मातेने चुकीचे औषध पाजले आणि पोटची पोर दगावली. आज तीच माता बाटलीवरील सूचना वाचते.' नवसाबाईला विचारावं, हे तिच्या मनातही आलं नाही. हे शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहायचं होतं. जिला दोन वर्षं खपून वाचायला शिकवलं, ती एक दिवस हेही वाचील, एवढी साधी गोष्ट शिकवणारीच्या डोक्यात शिरली नाही. अंक हातात पडला तेव्हा खाली स्वतःचं नाव, वर नवसाबाईचं नाव, एवढंच तिला दिसलं. मधल्या ओळी तिच्या लेखी नुसता मजकूर झाल्या होत्या.

बायका गेल्यावर ती हौदाशी गेली. नवसाबाई हात धूत होती.

"नवसाबाई, माझं चुकलं."

"ह्यो कागुद कुटंकुटं जातो?"

"सगळ्या केंद्रांवर. जिल्हाभर."

"नामपूरला बी?" नवसाबाईच्या मुलाला, ज्ञानेशला, नामपूरची मुलगी सांगून आली होती. छाया नाव, दहावी पास.

"जात असेल. पण खरं सांगू का, तो कोणी वाचत नाही हो. तसाच केंद्राच्या पेटीत पडून राहतो."

"मंग तुमी लिवलं कशाला?"

नवसाबाई बराच वेळ नखातला झेंडूचा पिवळा रंग घासत राहिली.

"मी तुमाला सांगितलं व्हतं, ताई. कागदाला नाय," ती म्हणाली. "आन् मला सोताला आजून ठाव नाय, तापानं का औशिदानं. तुमी तर छापून मोकळ्या झाल्या. तुमाला कोनी सांगितलं?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर ज्योत्स्नाला बरं वाटलं असतं.

ज्योत्स्नाने अंक परत मागायच्या आत तो भिमाजीने ताब्यात घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो द्वारकेला फुलं द्यायला गेला, तो येताना शेवटच्या पानाची फ्रेम करूनच आला. देवांच्या फोटोंशेजारी खिळा ठोकला आणि ती लावली. घरात वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, येणारे पाव्हणेही बहुतेक अंगठेबहाद्दरच. ज्ञानेश पाचवीत शाळा सोडून ट्रकवर गेला होता, त्याचं अक्षरांशी कधी जमलंच नव्हतं. पण कोणी पाव्हणा आला की भिमाजी चहाच्या आधी फ्रेमकडे बोट करी.

"वाच गं, काय लिवलंय ते. त्ये फळ्याचं वाच."

एकदा तिने वाचलं. फळा आला, पण द्वारका राहून गेली. "द्वारकेचं कुटं गेलं?" भिमाजीने विचारलं. त्याला ते पाठ झालं होतं. पुढच्या पाव्हण्यापुढे ती म्हणाली, "आता नाय वाचता येत. इसरले."

आणि ती तेच धरून बसली. केंद्रात यायची, कारण पडवी तिचीच होती. फुलं ओवायची, चहा करायची, पाटीला हात लावायची नाही. ज्योत्स्नाने नवी पुस्तकं आणली तर सगळ्यांसमोर म्हणाली, "दिसत नाय ताई, दुसरीला द्या." महिन्याच्या शेवटी हजेरीवर सह्या घ्यायच्या होत्या, तेव्हा तिने शाईचा पॅड मागितला. पॅड कधीपासून वापरातच नव्हता, वाळून गेला होता. त्यावर थेंबभर पाणी टाकून नवसाबाईने अंगठा उठवला. "म्हातारपन, दुसरं काय," ठमाबाई म्हणाली. ज्योत्स्ना त्या दिवशी लुना हातात धरून बराच रस्ता चालत गेली. लुना सुरू करायचं तिला सुचलंच नाही.

वैशाखात ज्ञानेशचं लग्न ठरलं. दहावी पास सून त्या भिंतीसमोर रोज वावरणार होती. हळदीच्या चार दिवस आधी ज्योत्स्ना मळ्यात गेली.

"भिमाजीभाऊ, नाशकात साक्षरतेचं प्रदर्शन आहे. ही फ्रेम न्यायची म्हणते."

"न्या की, न्या की." भिमाजीने स्वतः फ्रेम उतरवली, उपरण्याने काच पुसली, जुन्या धोतरात गुंडाळून दिली. "लगनाच्या आदी आना म्हंजे झालं. पाव्हण्यांना दाखवू."

नवसाबाई चुलीपुढे बसली होती. तिने मागे वळून पाहिलं, ज्योत्स्नाकडे नाही, रिकाम्या खिळ्याकडे. मग पुन्हा भाकरी थापायला लागली.

कालव्याच्या पुलावर ज्योत्स्नाने लुना थांबवली. काचेमागून पान काढलं, बारीक बारीक फाडलं आणि पाण्यात सोडलं.

लग्न झालं. भिमाजीने विचारलं, पुन्हा विचारलं. ज्योत्स्नाने सांगितलं, प्रदर्शनात हरवली. दुसरी प्रत तरी द्या, तो म्हणाला. शिल्लक नाही, ती म्हणाली.

"आमच्या घराण्यात पैल्यांदाच कोनाचं नाव छापून आलं व्हतं, ताई," भिमाजी म्हणाला. "तुमाला त्याची काय किंमत." त्याचे डोळे भरले होते. नवसाबाई त्याच्या मागे दारात उभी होती. ती एक शब्द बोलली असती तर भिमाजीचा राग उतरला असता, पण मग तिला सगळंच बोलावं लागलं असतं. ज्योत्स्नाने मान खाली घातली. भिमाजीने फळा काढून तिच्या लुनाला टेकवून ठेवला. केंद्र मारुतीच्या देवळात गेलं, तिथे बायका फारशा आल्या नाहीत. पुढे काही वर्षांनी ती योजनाच संपली. ज्योत्स्ना एका बालवाडीत लागली. तिथे शिकणाऱ्यांच्या पोटात अजून काही साठलेलं नसतं.

असाच एक दसरा. ज्योत्स्ना माळ घ्यायला सराफ बाजाराकडच्या फूलबाजारात गेली होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कमी. एका कडेला पोतं अंथरून, झेंडूचा ढीग लावून नवसाबाई बसलेली तिला दिसली. केस पांढरे झाले होते. बाजूला फुलं बांधून द्यायला रद्दीचा गठ्ठा होता.

ज्योत्स्ना पुढे झाली आणि थबकली. नवसाबाईने गठ्ठ्यातला एक कागद ओढला, मांडीवर ठेवला, हाताने सुरकुत्या काढल्या. मग इकडेतिकडे पाहून त्यावर बोट ठेवलं. बोट सरकत होतं आणि ओठ हलत होते. ओळ संपली की बोट उचललं जाई, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टेके. या वेळी बोट आणि ओठ बरोबर चालले होते.

एक बाई फुलं मागायला आली. नवसाबाईने त्याच कागदात झेंडू बांधून दिला, पैसे कमरेला लावले. बाई गेली तशी तिने दुसरा कागद ओढला.

ज्योत्स्नाच्या मुठीत सुटे पैसे होते. आणखी चार पावलं टाकली असती तर नवसाबाईने मान वर केली असती, आणि कागद मिटला असता. ज्योत्स्ना गर्दीच्या मागून वळली. त्या दसऱ्याला तिने माळ पलीकडच्या माणसाकडून घेतली.