हद्दीपलीकडचं पेट्रोल

पेठचा पंप दिसला तेव्हाच मी म्हणाले होते, "अहो, दोनशेचं तरी टाका इथं." मीटरवरची शेवटची काडी करंजाळीपासून लुकलुकत होती. सोमनाथने पंपाकडे मान वळवून भावाची पाटी वाचली आणि हसला.

"या भावानं? राज्याची हद्द आली आता. तिकडं लिटरला आठ-नऊ रुपये कमी आहेत, उज्ज्वला. इथं टाकणं म्हणजे शुद्ध येडेपणा."

पंप मागं गेला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, गप्प बसायची सवय अंगात मुरलीय.

आम्ही धरमपूरला चाललो होतो, पूजाकडं. पूजा आमची एकुलती एक. मागच्या वर्षी आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. तेव्हा आजूबाजूला सासरचं-माहेरचं कुणी नव्हतं, जावई रोहित कंपनीत पाळीवर होता, नर्सनं तिला सांगितलं आणि तिनं एकटीनं ऐकून घेतलं. या खेपेला सिझेरियन ठरलं होतं. फोनवर तिनं एकच गोष्ट मागितली, "आई, मला आत नेतील ना, त्याच्या आधी तू दिसली पाहिजेस. नंतर आलीस तरी चालेल असं नाही म्हणणार मी." दुपारी नेणार होते. आम्ही सकाळीच निघालो. वेळेत पोचायला काहीच अडचण नव्हती, नवरा सोडला तर.

आता या गाडीचं सांगते. दोन वर्षांपूर्वी सोमनाथने एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून पलंग ठोकला, पलंगाखाली पाण्याची टाकी, दाराला घडीचा ओटा, गॅस, छोटा फ्रीज, छपरावर सोलर. तिला तो 'फिरतं घर' म्हणतो. नाशिकजवळ मखमलाबादला आमचं न फिरणारं घर आहे, त्याच्या न्हाणीची कडी अजून सुतळीनं बांधलेली आहे. त्याच्यासारख्या फिरत्या घरवाल्यांचा एक ग्रुप आहे. बाकीचे लोक सकाळी देवाचे फोटो टाकतात, हे हद्दीपलीकडच्या पंपाच्या पाट्यांचे टाकतात. नाशिकहून निघताना हद्दीपर्यंत पुरेल तेवढंच पेट्रोल ठेवायचं आणि येताना टाकी काठोकाठ भरून, वर दोन-तीन कॅन घेऊन यायचं, हा त्यांचा धर्म. भरल्या टाकीनं निघणारा बावळट.

पोरीच्या ऑपरेशनलाही हा माणूस तसाच निघाला. पलंगावर माझ्या पिशवीशेजारी तीन रिकामे कॅन. लॉज नको, दवाखान्याच्या आवारातच गाडी लावू, गाडीतच झोपू, म्हणाला. "आणि पूजा घरी गेली की येताना सापुतारा. पोरीचं पण होईल, आपलं पण होईल." आठवडाभर हेच चाललं होतं.

पेठ सोडून थोडं गेलो आणि एका चढावर गाडीनं दोन आचके दिले. सोमनाथने गिअर टाकला, शिवी दिली, परत गिअर टाकला. गाडी कडेला जाऊन उभी राहिली.

"असं कसं झालं?" तो म्हणाला. "ॲव्हरेजच्या हिशोबानं हद्द ओलांडून पंपापर्यंत पुरायला पाहिजे होतं."

"कुठलं ॲव्हरेज? पलंग बसवायच्या आधीचं की नंतरचं?"

गाडीत पाण्याची टाकी भरलेली, गॅसची टाकी भरलेली, फक्त पेट्रोलची तेवढी रिकामी.

समोर रस्त्याच्या कडेला एक झोपडं होतं. बाहेर करवंदांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, आणि दोरीला टांगलेल्या पाण्याच्या बाटल्यांत पिवळसर पेट्रोल. आत बाई बसली होती, पन्नाशीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आम्ही उतरलो तरी ती उठली नाही.

"बंद पडली ना?" ती म्हणाली. "दर शनवारी एक तरी पडतीच इथं. ह्या चढाला समद्यांचं तेल संपतं."

सोमनाथने भाव विचारला. नाशिकपेक्षा वीस रुपये जास्त होता.

"हे पेट्रोल तू तिकडूनच आणतेस ना?" सोमनाथ म्हणाला. "तिकडचा भाव मला तोंडपाठ आहे. एवढा डल्ला?"

"तिकडून आणत्ये. जीपवाल्याला भाडं देत्ये. मग काय फुकट वाटू?"

"चोरी आहे ही सरळसरळ. तक्रार केली तर झोपडं उठेल तुझं."

बाईनं त्याच्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग गाडीच्या छपराकडं. "मग नको घेऊ," ती म्हणाली. "तुला देतच नाय. जा, पायी जा आणायला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. पूजा होती. आवाज अगदी लहान झाला होता. "आई, डॉक्टरांना दुपारी सुरतला जायचंय म्हणे. आत्ताच घेणार आहेत. तयारी सुरू केलीय. कुठपर्यंत आलात?"

"आलोच," मी म्हणाले. "पेठ ओलांडलं."

फोन ठेवून मी सोमनाथला सांगितलं. म्हणाले, पाया पडते, बाईकडून दोन बाटल्या घ्या, नाहीतर मागं पेठच्या पंपावर जा, तो जवळ आहे. त्यानं तिसरंच केलं. पलंगावरचा एक कॅन उचलला आणि हद्दीच्या दिशेनं जाणाऱ्या मोटरसायकलला हात केला.

"मागं कशाला जाऊ? पुढं जाऊन घेऊन येतो, तिकडच्याच भावानं. असं गेलो, असं आलो. तू फ्रीज बंद करू नकोस, आत आइस्क्रीम आहे. किल्ली गाडीला राहू दे."

माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा, लेक ऑपरेशनच्या दारात असताना, कॅन मांडीवर धरून आठ रुपये वाचवायला गेला. हे मी परक्या कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण मखमलाबादेत कुणालाही वाटणार नाही.

मी झोपड्यासमोर जाऊन उभी राहिले. "मावशी, दोन बाटल्या द्या."

"नाय देणार."

"मी तुम्हाला काही बोलले नाही."

"तेच म्हणत्ये. तू काय बोलली नाय. तो मला चोर म्हणला, तू रस्त्याकडं बघत व्हतीस." ती करवंदं निवडत होती, मान वर करत नव्हती. "तुम्ही लोक येता, पलीकडं स्वस्त म्हणून जाता. येताना टाक्या भरून येता. इथं थांबता, माझ्या मागच्या झाडीत घाण करता, पाणी मागता. घेत काय नाय. अडला की माझ्याकडं आणि वर चोर पण मीच."

तिचं सगळं खरं होतं. पण मला ते ऐकत बसायला वेळ नव्हता, आणि वाकून माफी मागायचीही इच्छा नव्हती. मी म्हणाले, "माझ्या पोरीचं पोट फाडणार आहेत धरमपूरला. आत्ता. मागचं बाळ मेलं तिचं. मी पोचायच्या आधी तिला आत नेलं तर ती मला जन्मात माफ करणार नाही. तुम्हाला माझा राग असेल तर ठेवा. पेट्रोल द्या."

बाईनं मान वर केली. "भाव कमी नाय व्हायचा," ती म्हणाली.

"कमी मागितला कुणी?"

बाळंतिणीसाठी म्हणून ब्लाउजमध्ये ठेवलेले पैसे मी काढले. तिनं दोन बाटल्या सोडल्या, मग तिसरीही सोडली. "चढ लय हायेत पुढं. गाडी जड हाय. तीन घे." सुलाबाई तिचं नाव, हे मला, ती बाटली कापून पेट्रोल ओतायला नरसाळ्यासारखं चाडं करत असताना शेजारच्या पोरानं हाक मारली म्हणून कळलं. तिनं चाडं धरलं, मी ओतलं. तिसरीचेही पैसे तिनं पुरे घेतले. मला बरं वाटलं. फुकटचा जिव्हाळा दाखवला असता तर मी तिथंच रडत बसले असते.

गाडी मी चालवू शकते. फुलांचा छोटा हत्ती टेम्पो रोज पहाटे मार्केटला मीच नेते, झेंडू, शेवंती, निशिगंध, भर पावसातसुद्धा. फक्त या व्हॅनला हात लावायची मला परवानगी नव्हती, क्लच नाजूक आहे म्हणे. चार वेळा स्टार्टर मारला, पाचव्याला गाडी चालू झाली.

"नवऱ्याला काय सांगू, आला तर?" सुलाबाईनं विचारलं.

"रस्त्यातच भेटेल," मी म्हणाले.

भेटला. हद्दीच्या अलीकडंच, वळणावर. परतीला कुणी मोटरसायकलवाला भेटला नसावा. भरलेला कॅन या हातातून त्या हातात घेत, शर्ट पाठीला चिकटलेला, चालत येत होता. आपली गाडी येताना बघून त्याचा चेहरा असा फुलला की क्षणभर माझा पाय ब्रेकवर गेला. त्यानं कॅन उंच धरून दाखवला.

थांबले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. पहिलं त्यानं मला स्टेअरिंगवरून उठवलं असतं. मग पेट्रोल कुठून आणलं, कितीला घेतलं, याच्यावरून भांडला असता. आणि पुढं पंप आला की एवढं आलोच आहोत तर, म्हणून गाडी रांगेत लावली असती. शनिवार होता. मघाशी मी बाटल्या ओतत होते तेव्हा पंपावरून फोन करून त्यानंच सांगितलं होतं, कॅनवाल्याला रांग नाही, पण निम्म्या गाड्या नाशिकच्या आहेत.

मी पाय ब्रेकवरून काढला. आरशात तो दिसला, कॅन अजून वरच होता. मग खाली आला.

हद्दीची पाटी गेली. पंप गेला. रांग खरंच मोठी होती. फोन वाजत होता, तो मी वाजू दिला. मागं पलंगावर उरलेले दोन कॅन प्रत्येक वळणावर एकमेकांवर आपटत होते.

दवाखान्यात पोचले तेव्हा पूजा स्ट्रेचरवर होती, हिरवा गाऊन, केसांवर टोपी. रोहित तिच्या पायाशी उभा होता. तिनं मला बघितलं आणि माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकलायला घेतलं तरी सोडेना.

"बाबा?"

"मागून येतायत."

"भांडलात?"

"भांडायला तरी थांबले कुठं? तू आत जा. मी इथंच आहे, या दारासमोर. हलणार नाही."

तिनं मनगट सोडलं. दार लागलं.

मग मी फोन उचलला. वाटलं, शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या, तेवढं त्याचं देणं लागत होते.

"एसटी आलीय," सोमनाथ म्हणाला. "कंडक्टर पेट्रोलचा कॅन आत घेऊ देत नाही. तू ये ना मला घ्यायला."

"पूजाला आत्ताच आत नेलं."

"हो का." मागं कंडक्टर कुणाला तरी ओरडत होता. "पण मग या पेट्रोलचं काय करू? टाकून देऊ?"

तो खरंच विचारत होता. मी फोन रोहितच्या हातात दिला आणि दाराकडं तोंड करून उभी राहिले.