कोरदार चौकट

"उतरवा खाली," बैलबंडीभोवती एक फेरी मारून सुकलू नाकेदार म्हणाला.

धानोऱ्याच्या वाटेवरचा हा जंगलखात्याचा नाका. बावीस वर्षांच्या नोकरीत सुकलूला लाकूड ओळखायला डोळे लागेनासे झाले होते. तो कोपऱ्यावरून अंगठा फिरवी. जुनं सागवान कोपऱ्यांना झिजून गोल होतं. चोरून तोडलेलं ताजं लाकूड कोरदार असतं, अंगठ्याला लागतं. हा शब्द त्याला इतका चिकटला होता की माणसंही तो त्यावरच मोजी. कोणी सफाईनं बोललं की "लई कोरदार बोलते", पँटीला इस्त्रीची घडी दिसली की "गडी कोरदार हाय, ध्यान ठेवा." घरी बायको कमळा वैतागून म्हणे, "भाकरीले कोपरे नसते, खा मुकाट्यानं."

पण त्यालाही कारण होतं. नवा असताना एका ठेकेदाराच्या 'जुन्या' वाशांवर विश्वास ठेवून तो सहा महिने निलंबित राहिला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

बंडीतून जाहिद मिस्त्रीनं दाराची चौकट उतरवली. सुकलूचा अंगठा कोपऱ्यावर थबकला.

"हे तं ताजं हाय, मिस्त्री."

"नाई साहेब. आमच्या पाडलेल्या घरची हाय. माह्या बापानं लावलेली. हा सरपंचाचा कागद."

"कागद कोनीबी देते. जुन्या लाकडाची कोर अशी असते?"

"रंधा मारला ना मी."

"काऊन मारला?"

"अमरीनच्या घराले लावाची हाय. पोरीले काळी, खरबडी चौकट देऊ का?"

पोरीवरच्या मायेनं जाहिदनं आपलाच पुरावा तासून टाकला होता. सुकलूला मात्र हे उत्तर फारच कोरदार वाटलं.

"रंधा कुठी नाई मारला, ते दाखवा."

"सांध्याच्या आत. पण तो फोडा लागते. जुम्म्याच्या नमाजानंतर चौकट उभी कराची हाय, साहेब. माणसं वाट पाहून राह्यले."

"नाई तं लाकूड जप्त, अवजारं जप्त, अन् केस."

जाहिदनं पटाशी काढली. अवजारं गेली तर घर खाणार काय? तीन ठोक्यांत सांधा हलला; चौथ्याला सुटला, पण उभं लाकूड वीतभर चिरलं.

सुकलूनं वाकून पाहिलं. आत जुनी काजळी होती आणि कधीच्या काळच्या खिळ्याचा गंज लाकडात मुरला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जुनंच हाय," तो पुटपुटला. "जा तुमी. मी दोरी देतो, बांधून घ्या."

"राहू द्या." जाहिद खाली बसून ढलप्या रुमालात वेचत होता. "मोडकी चौकट पोरीच्या दारी नेत नाई, साहेब."

सुकलू धावत गेला आणि त्यानं नाक्याचा आडवा बांबू पार वर उचलून धरला. जाहिदनं बैल माघारी वळवले.