तीन लांब घंट्या

आमच्या रस्त्यावरच्या नऊ घरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. कुणालाही फोन आला की घंटी नऊही घरांत वाजायची. दोन लांब एक आखूड म्हणजे लिंडक्विस्टांकडे, चार आखूड आमच्याकडे, तीन लांब पाद्रीबाबांकडे. दुसऱ्याच्या घंटीला रिसीव्हर उचलायचा नाही, असा नियम होता आणि तो आम्ही सगळ्या रोज मोडायचो. तेरी भी चुप, मेरी भी चुप. नेब्रास्कात शेतावर राहणाऱ्या बाईला दुसरी करमणूक तरी कुठली?

एकोणीसशे चव्वेचाळीसचा ऑक्टोबर होता. सकाळी दहाला तीन लांब वाजल्या. पुरुष मका तोडायला गेले होते. मी ओले हात पुसले, रिसीव्हर हळूच उचलला आणि श्वास आवरून उभी राहिले.

"पाद्रीबाबा, मी प्रॅट, स्टेशनवरून." हा आमचा स्टेशनमास्तर, गावाच्या तारा त्याच्याकडेच यायच्या. "लष्कराची तार आलीय. एकट्यानं घेऊन जायला पाय उचलत नाहीत माझे. बरोबर येता का?"

आमच्या नऊ घरांतली चार मुलं लढाईवर होती. त्यातला एक माझा भाऊ ऑरिन. आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं होतं.

तेवढ्यात टेलिफोनच्या तारेवर कुणीतरी खोकलं. तो खोकला मी कुठेही ओळखला असता. माझ्या शेजारची हल्डा लिंडक्विस्ट. तिचा एकुलता एक व्हर्नर इटलीत होता.

मी नुसतं "थांबा, सगळ्या ऐकतायत" म्हटलं असतं तरी प्रॅट गप्प झाला असता. पण मग मला नाव कळलं नसतं. मी तोंडाला कुलूप लावून उभी राहिले आणि मनात म्हटलं, देवा, ऑरिन नको. हल्डाचा असू दे.

"कुणाची तार?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"लिंडक्विस्टांच्या व्हर्नरची. गेला पोरगा."

मला हायसं वाटलं. लाज वाटायला थोडा वेळ लागला. मग हल्डानं रिसीव्हर अलगद ठेवल्याचा आवाज आला, चोरून ऐकणारा ठेवतो तसा.

मी शेतातून धावत तिच्याकडे गेले. ती टेबलाशी बसली होती. पुढ्यात अर्धवट मळलेली कणीक होती.

"धावत का आलीस गं?"

"अशीच, मावशी."

"मका तोडणीच्या दिवसांत अशीच कोण येतं? तारेवर होतीस तू. तुझा श्वास ओळखते मी, दहा वर्षं ऐकतेय."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"प्रॅटनं नाव घ्यायच्या आधी मी देवाकडे काय मागितलं, सांगू?" ती म्हणाली. "तुझा ऑरिन असू दे म्हटलं. मांडीवर घेतलेलं पोर ते माझ्या. अशी मी बाई."

बाहेर मोटार थांबली. ती उठली, हातांची कणीक काढू लागली. "तू मागच्या दारानं जा. मला काही ठाऊक नाही, असं तोंड करायचंय आता."

मीही तेच मागितलं होतं, एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. पण ते जिभेवर येईना. तिचं मागणं वाया गेलं होतं, आणि माझं देवानं ऐकलं होतं.