फेस टिकला तर

मी काचेची नळी बोलतेय. उंची बोटाएवढी, बूड गोल, म्हणून आपल्या पायावर उभं राहणं नशिबी नाही. स्टँडच्या भोकात बसायचं. धायरीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत माझं बिऱ्हाड आहे.

माझं काम ऐका. पोटुशी बाईचं दुखणं वाढलं, की डॉक्टरांना प्रश्न पडतो, बाळ आत्ता बाहेर काढलं तर ते श्वास घेईल का? मग गर्भाभोवतीचं थोडं पाणी सुईनं काढतात, माझ्यात ओततात, स्पिरिट घालून मला हलवतात नि गप्प उभी करतात. वर फेसाचं कडं टिकलं, तर फुप्फुसं पिकली. विरलं, तर थांबायचं.

स्वराली आली तेव्हा तिचं ब्लडप्रेशर चढलेलं, दिवस भरायला अवकाश. तिचे सासरे रावसाहेब आमच्या दारात येऊन उभे.

"काढायचंच तर आज काढा. उद्या पितृपक्ष लागतो."

"बाळानं पंचांग पाहिलेलं नाही, रावसाहेब," तपासणी करणाऱ्या विजयमालाबाई म्हणाल्या नि मला हलवू लागल्या.

फेस असा आला, की विचारू नका. रावसाहेबांचा चेहरा खुलला. माझा जीव मात्र टांगणीला. तो फेस बाळाचा नव्हताच. नव्या आया सुशीलाबाईंनी सकाळी मला मायेनं भांड्यांच्या साबणानं घासलं होतं. मला ठाऊक, पण सांगू कशी? काचेला पोट असतं, तोंड असतं, जीभ नसते.

विजयमालाबाईंनी मला नाकाशी धरलं. "या पाण्याला लिंबाचा वास कधीपासून यायला लागला?"

सुशीलाबाई ओशाळल्या. "अहो, स्वच्छ असावी म्हणून..."

"स्वच्छच हवी. साबणावाचून."

मला नुसत्या पाण्यानं खळखळून धुतलं, वाळवलं, गर्भाचं उरलेलं पाणी घालून पुन्हा हलवलं. बुडबुडे आले नि बघता बघता विरले.

डॉक्टर म्हणाले, "थांबू." स्वरालीला फुप्फुसं पिकवायचं इंजेक्शन दिलं, डोळ्यांत तेल घालून तिला जपलं. रावसाहेब बाकावर जाऊन बसले.

काही दिवसांनी, पितृपक्षातच, पुन्हा पाणी काढलं. या खेपेला कडं जे बसलं, ते हललं नाही. दुपारी भिंतीपलीकडून रडणं आलं, खणखणीत.

"आमच्या आईचा आवाज असाच होता," रावसाहेब म्हणाले. "पक्षात आलीय, तीच असेल."

हल्ली मला स्टँडमधून क्वचितच बाहेर काढतात. डॉक्टर बहुतेकदा सोनोग्राफी नि इंजेक्शनावरच भागवतात. तक्रार नाही, पोरं रडताना ऐकू येतात, तेवढं पुरे. तुमच्या घरी असा प्रसंग आलाच, तर घाई करू नका. पोटातल्या लेकरालाही एकदा विचारा.